दक्षिणेची खुर्ची

अमेरिकेतलं यादवी युद्ध अजून संपलेलं नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस या पृथ्वीतलावर होता आणि तो ऑस्ट्रेलियात, टूनगॅबीत, आमच्या समोरच्या घरात राहायचा. बाकीच्या जगाच्या हिशेबी ते युद्ध दीडशे वर्षांपूर्वीच आटोपलं, दक्षिणेची राज्यं हरली, गुलामगिरी गेली, विषय मिटला. यांच्या मते विषय तिथूनच सुरू व्हायचा. "कोण जिंकलं ते मला नको सांगू," ते म्हणायचे, "ते शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. युद्धाच्या आदल्या दिवशी घटना काय म्हणत होती ते सांग. संघराज्यातून फुटून निघायचा हक्क राज्यांना होता की नव्हता? एका शब्दात!" आणि आपण एका शब्दासाठी तोंड उघडेपर्यंत पुढचा पाऊण तास हे स्वतःच बोलत. महाराष्ट्र मंडळात सगळे त्यांना घटनाकाका म्हणायचे. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर, आणि अशी हाक ऐकली की ते इतके खूश व्हायचे की हाक मारणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं.

खरं म्हणजे काकांचा आणि कायद्याचा काडीचा संबंध नव्हता. पुण्याहून आले ते पुलांचे इंजिनियर म्हणून. इथल्या रस्तेखात्यात जन्मभर पूल तपासले आणि निवृत्त झाले. हे खूळ डोक्यात शिरलं ते सिटिझनशिपच्या परीक्षेमुळे. आपण त्या परीक्षेला काय करतो? ते पातळ पुस्तक ट्रेनमध्ये चाळतो, राष्ट्रीय फूल कुठलं ते पाठ करतो आणि सुटतो. काकांनी ऑस्ट्रेलियाची आख्खी राज्यघटना वाचायला घेतली आणि पहिल्याच वाक्यात अडकले. तिथे म्हटलंय, ही सगळी माणसं एका अविभाज्य संघराज्यात एकत्र येत आहेत. अविभाज्य! काकांना वाटलं, भर लग्नाच्या मांडवात 'इथे घटस्फोट मिळणार नाही' अशी पाटी कोण लावतं? मग शोध घेतला. अमेरिकेच्या घटनेत बाहेर पडण्याबद्दल अवाक्षर नाही, त्यापायी तिथे केवढा रक्तपात झाला, आणि ते बघून इकडचे शहाणे झाले, असं त्यांच्या ध्यानात आलं. झालं! काका ऑस्ट्रेलियातून जे अमेरिकेत शिरले ते बाहेर आलेच नाहीत. नागरिकत्वाच्या समारंभात मेयरने हातात वॉटलचं, त्याच राष्ट्रीय फुलाचं, रोप ठेवलं, तर यांनी त्या बिचाऱ्याचा हात न सोडता विचारलं, १९३३ साली वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने फुटून निघायला मतदान केलं होतं, ते घटनेत बसत होतं का? मेयर म्हणाला, "नो वरीज, मेट," आणि पुढच्या माणसाकडे वळला. काका रोप घेऊन घरी आले आणि काकूंना म्हणाले, "उत्तर टाळलं. म्हणजे त्यालाही शंका आहे."

त्यांच्या बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. खिडकीजवळची उत्तरेची, ती त्यांची. समोरची दक्षिणेची. पाहुणा बिचारा चहाच्या आशेने समोर टेकला की संपलाच, तो दक्षिणेचा वकील झाला. "दक्षिणेत बसलास, आता दक्षिणेची बाजू मांड. गुलामगिरीचं समर्थन इथे चालणार नाही, ते कारण घाणेरडंच होतं. कारण घाणेरडं, पण प्रश्न चांगला! फक्त कलमांवर बोल." आता मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासणारा माणूस. मला कुठली कलमं? पण समोरच राहायचो, सुटका नव्हती. हळूहळू मीही बोलायला शिकलो. मी म्हणायचो, राज्यं आपापल्या मर्जीने आत आली, आपापल्या मर्जीने जातील. जो अधिकार घटनेने काढून घेतला नाही तो राज्यांकडेच राहिला, असं खुद्द घटनेतच लिहिलंय. काका मांडीवर थाप मारायचे, "शाब्बास! आता ऐक. घटनेच्या आधी जो करार होता त्यात संघ कायमचा आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. नवी घटना केली ती तो संघ आणखी परिपूर्ण करायला. आणखी परिपूर्ण झालेली गोष्ट आधीपेक्षा तकलादू कशी असेल?" मी म्हणायचो, मग कोर्टाने तसा निकाल युद्धानंतर का दिला? मॅच संपल्यावर अंपायरने नियम वाचून दाखवण्यातली गत! यावर ते जरा घुटमळायचे, चहा थंड झाल्याची तक्रार करायचे आणि शेवटी ठरलेलं वाक्य टाकायचे, "ते काही नाही. एकदा आत आलात की आलात."

दक्षिणेची खुर्ची मुळात काकूंची होती. आयुष्यभर त्या तिथे बसून मटार सोलत आल्या आणि काकांच्या समोरच्या पक्षाचं काम बघत आल्या. कलम एकही वाचलं नव्हतं. काका फार तावातावाने बोलायला लागले की त्या मान वर न करता म्हणायच्या, "मला जायचं असतं तर तुम्हाला विचारत बसले असते का?" काका म्हणायचे, दक्षिणेची बाजू इतकी थोडक्यात दक्षिणेलाही मांडता आली नाही. मग काकू गेल्या. कोणाला न विचारता, तीन दिवसांच्या तापात. त्यानंतर एकदा संध्याकाळी शिफ्टवरून येताना मला त्यांच्या खिडकीतून दिसलं, काका उत्तरेच्या खुर्चीत बसून हातवारे करून बोलतायत, मग उठले, दक्षिणेच्या खुर्चीत जाऊन बसले, जरा थांबले, आणि काही न बोलता परत उत्तरेत आले. घरी येऊन मी मेधाला, माझ्या बायकोला, ती गंमत साभिनय करून दाखवली. ती हसली नाही. म्हणाली, "उद्या त्यांना जेवायला बोलव."

जेवायला बोलावणं म्हणजे काय दिव्य होतं, ते ज्याने बोलावलं त्यालाच ठाऊक! माझ्या मुलीच्या वाढदिवसाला केक कापून होतो न होतो तोच काकांनी तिला विचारलं, "हा तुकडा वेगळा झाला, पण म्हणून तो केकचा राहिला नाही का?" ती म्हणाली, "अंकल, इट्स जस्ट केक," आणि तुकडा खाऊन टाकला. काका गंभीरपणे म्हणाले, "हाही एक मार्ग आहे. गिळंकृत करणे." बारशाला गेले तर बाळाचं नाव राहिलं बाजूला, पाळण्याची दोरी ओढत हे थेट अमेरिकेची घटना लिहिली गेली त्या फिलाडेल्फियात. बायका त्यांना बघून स्वयंपाकघरात शिरायच्या आणि पुरुषांना नेमकं त्याच वेळी बार्बेक्यू बघायचं असायचं. त्यांचा एकुलता एक मुलगा पर्थला, तिकडे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात. दर रविवारी त्याचा फोन यायचा, "काय बाबा, ऑल गुड?" हे म्हणायचे, "ऑल गुड," की फोन संपला. एवढ्या बोलक्या माणसाचा एवढासा फोन मी दुसरा ऐकलेला नाही.

राहता राहिलं मंडळ. मंडळ हाच काकांचा संसार होता. त्याची घटनाही त्यांनीच लिहिलेली. तीत काय नव्हतं? पानात मोदक किती वाढायचे, आरतीत आधी झांज की आधी टाळ्या, हॉलच्या कपाटाची किल्ली कोणाकडे, सगळं होतं. गणपतीच्या आधीचे दोन महिने दर रविवारी यांच्या घरी अथर्वशीर्षाचा वर्ग. इथे वाढलेली पोरं "व्हॉट डझ दॅट ईव्हन मीन" करत करत शिकली ती यांच्याकडे. त्यातलीच एक केतकी. लहानपणी ती काकांच्या दक्षिणेच्या खुर्चीत पाय हलवत बसून उच्चार चुकवायची; आता मोठी झाली, लग्न झालं, आणि सगळ्या नव्या जोडप्यांसारखी वायव्येकडच्या नव्या एस्टेटमध्ये घर घेऊन राहायला गेली. तिथून टूनगॅबी म्हणजे ट्रॅफिकमध्ये तासभर. दोन मराठी माणसं भेटली की तीन मंडळं निघतात म्हणतात. यंदा केतकीने आणि तिकडच्या सगळ्यांनी सभेपुढे विषय ठेवलाच: आम्हाला वेगळं मंडळ करायचंय, आमचा गणपती तिकडे बसवायचाय.

काका आठवडाभर पेटले होते. माझ्या दारात सकाळी उभे, "घटनेत फुटून जायची तरतूदच नाही! मी लिहिलीये, मला माहीत नाही?" मी म्हटलं, काका, बंदी तरी कुठे आहे? ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या पुलाखालची माती काढली होती. जुनी मंडळी अजूनही त्यांचा शब्द मोडत नव्हती, सभेत विरोधात हात वर करायला सांगितलं असतं तर ठराव आपटला असता. हे सगळ्यांना माहीत होतं, केतकीलाही. आणि केतकीकडची मंडळी वेगळी झाली की रविवारच्या वर्गाला कोणी उरणार नाही, हे काकांना माहीत होतं. ते अमेरिका-अमेरिका करत होते, पण मला स्पष्ट दिसत होतं, माणूस घाबरलाय.

सभेला काका कोट घालून आले. संघ, करार, कायमचं, परिपूर्ण, सगळा दारूगोळा उडवला. मग केतकी उठली. "काका, आय नो यू आर राइट. पण आम्ही भांडून नाही ना चाललो. इट्स जस्ट फार लांब. सासूबाईंना एवढा वेळ गाडीत बसवतच नाही. आणि..." ती अडखळली, "आमच्याकडे आरतीला तुम्ही याल ना? अथर्वशीर्ष तुम्हीच सांगायचं. दुसऱ्या कोणाला नीट येतच नाही."

काका बोलायला उभे राहिले. म्हणाले, "एवढं वाचलं मी. फुटून निघालेल्यांनी मागच्यांना जेवायला बोलावल्याचं कुठे वाचलं नाही." मग खाली बघत म्हणाले, "मी जन्मभर पूल तपासले. पुलाला मधे फट ठेवावी लागते. उन्हाने लोखंड वाढतं, फट नसली तर पूल तडकतो. पोरासोरांना माहीत असलेली गोष्ट, आणि मी घटना लिहिताना फट ठेवायला विसरलो. माझा मुलगा पर्थला जायला निघाला तेव्हाही मी असाच वाद घातला होता. जिंकलो. त्याला एक उत्तर देता आलं नाही. आणि तो गेला. वाद जिंकून मला काय मिळालं? रविवारचा फोन." खिशातला रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि पहिला हात स्वतःच वर केला, ठरावाच्या बाजूने.

यंदा दोन गणपती बसले. तिकडचा शाळेच्या हॉलमध्ये, दणक्यात. इकडचा काकांच्या घरी, आम्ही मोजकी माणसं. काका दोन्हीकडे अथर्वशीर्ष सांगत हिंडत होते, मीच गाडीने ने-आण करत होतो. विसर्जनाला केतकीने सगळ्यांना घेऊन यायचं कबूल केलं होतं आणि ती आलीही. काकांच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली मोठा टब, त्यात दोन्ही शाडूच्या मूर्ती. पुढच्या वर्षी लवकर या, म्हणून सगळे ओरडले, शेजारचा म्हातारा कुंपणावरून डोकावून "ऑल राइट, मेट?" विचारून गेला. मग उद्या शाळा, उद्या ऑफिस करत गाड्या भराभर निघाल्या. एवढी माणसं होती म्हणून की काय, घर नंतर फारच रिकामं वाटायला लागलं.

मी सवयीने दक्षिणेत टेकणार तोच काका म्हणाले, "आज तू उत्तरेला बस." आणि स्वतः काकूंच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते एवढेसे दिसत होते. "सभेनंतर मीच फोन केला मुलाला," ते म्हणाले. "बराच वेळ बोललो. तो म्हणतोय, बाबा, इकडे या राहायला. अरे, फुटून जायला निघालेल्या राज्यातच राहायला बोलावलंय मला!" ते हसले. मग हात पुढे करून म्हणाले, "मला जायचा हक्क आहे की नाही? हं, मांड उत्तरेची बाजू."

इतकी वर्षं उत्तरेची बाजू मी त्यांच्याच तोंडून ऐकली होती. करार कायमचा आहे, संघ परिपूर्ण आहे, एकदा आत आलात की आलात. एकही मुद्दा धड आठवेना. आठवलं तरी कुठल्या तोंडाने बोलणार? मला नुसतं म्हणायचं होतं, काका, जाऊ नका हो, समोरच्या खिडकीत दिवा दिसला की बरं वाटतं. ते काही कलम नव्हे. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी गणपतीला याल ना?"

"हरलास," काका म्हणाले, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

ते गेले त्याला आता काही महिने झाले. समोर एक चिनी कुटुंब आलंय, चांगली माणसं आहेत, हात करतात. रविवारी काकांचा फोन येतो. मी विचारतो, "काय काका, ऑल गुड?" ते म्हणतात, "ऑल गुड," आणि मागे नातवाचा आरडाओरडा ऐकू येतो, की ते फोन ठेवतात. जाताना दोन्ही खुर्च्या आमच्याकडे ठेवून गेले. मेधाने त्या खिडकीपाशी समोरासमोर मांडल्यात. शिफ्टवरून आलो की मी चहा घेऊन दक्षिणेत बसतो, सवय आहे. परवा एक फार नामी मुद्दा सुचला, असा की काका निरुत्तरच झाले असते. मी तो सबंध मांडला, हातवारे करून मांडला, आणि उत्तरेकडून काही येतंय का म्हणून थांबलो. दारात मुलगी उभी होती.

"बाबा, हू आर यू टॉकिंग टू?"

मी म्हटलं, "कोणाशी नाही गं. जा, अभ्यास कर." आणि चहा थंड झाला होता, तो तसाच पिऊन टाकला.