जिताडा, जावई आणि झिरपणारा बांध

जगातल्या संस्कृती नद्यांच्या काठी जन्मल्या, पण टिकल्या त्या बांधांमुळे. आमच्या घराण्याने चार पिढ्या समुद्र अडवून धरला आहे. (समुद्र म्हणजे आमच्या गावाच्या, मोरव्याच्या, मागची खाडीची एक बारीक शाखा, आणि अडवून धरला म्हणजे कमरेएवढा मातीचा बांध घातला.) पूर्वी बांधाआड भात आणि मीठ पिकायचं. आता एक तळं उरलंय, आणि गेल्या महिन्यापर्यंत त्या तळ्यात काकांचा जिताडा होता.

हा मासा काकांनी दोन वर्षं वाढवला होता तो त्यांच्या मुलीच्या, सुलभाच्या, नवऱ्यासाठी. नवा जावई पहिल्यांदा जेवायला येतो आणि ताटात जिताडा नसतो, असं आमच्या गावात झालं तर लोक पुढच्या पिढीलाही त्याबद्दल विचारतात.

रविवारी संध्याकाळी जावई येणार होता. काकांचं जाळं उंदरांनी कुरतडलेलं, म्हणून दुसरं आणायला ते सकाळी चौकच्या बाजाराला निघाले आणि राखणीला मला बसवलं. मी इंद्रलोक नावाच्या वसाहतीत राहणारा निवृत्त ग्रंथपाल. पण त्या दिवशी रिकामा माणूस मीच होतो. ओहोटी लागली होती. तळ्यातलं पाणी खाडीपेक्षा उंच, आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला खेकड्याच्या एका बिळातून बारीक धार झिरपत होती. काकांनी ती मला बोट करून दाखवली.

"पानी निवल हाय तवर हात लावाचा न्हाय. गढूल झाला का मना फोन कर."

झिरपणारं पाणी बघत गप्प बसणं चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला जमत नाही. माझ्या स्कूटरच्या डिकीत, बाथरूमची गळती बंद करायला आणलेल्या झटपट सुकणाऱ्या सिमेंटची पिशवी होती. मी बीळ बुजवलं. पाच मिनिटांत दगड झाला. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'प्रश्न सुटला.' सुलभाने अंगठाही दाखवला.

दहा मिनिटांनी वीतभर डावीकडे पाणी आलं. गढूळ. मातीच्या कणांमधली एक वाट बुजली की पाणी दुसरी खणतं, खणलेली माती बरोबर नेतं आणि तेवढ्याने वाट आणखी रुंद होते, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी त्यावर वाचलं होतं! म्हणून मी तेही भोक बुजवलं. मग उजवीकडे आलं. सिमेंट संपलं. तिथे रुमाल कोंबला, मग रविवारची पुरवणी (तिचा आयुष्यात प्रथमच कोणाला उपयोग होत होता), मग डावी चप्पल. भोक कलिंगडाएवढं झालं तेव्हा मी त्यात बसलो आणि फोन लावला.

"काका, पाणी थोडं गढूळ आलंय."

"थोडा म्हंजे किती?"

"म्हणजे... मी त्यात बसलोय."

मग बांधाला खांड पडली. मी, बांधाचा एक तुकडा आणि दोन वर्षं राखलेलं पाणी असे मिळून खाडीच्या चिखलात उतरलो. जिताडा माझ्या मांडीला घासून, कसलीही घाई न करता निघून गेला. माझा पहिला सिमेंटचा गोळा मात्र शाबूत होता. त्यातून थेंब झिरपत नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंना बांध नव्हता.

काका रिक्षाने आले, जाळं खांद्यावर.

"बांध घाम टाकत व्हता," ते म्हणाले. "तू त्याचा घाम बंद केलास."

मी पाण्याचा दाब समजावू लागलो. ते म्हणाले, हे काकूला समजाव. काकूने काही समजून घेतलं नाही. तिने पाटी उचलली, मला पुढे घातलं आणि रिकाम्या तळ्याच्या चिखलातून आम्ही दुपारभर निवट्या वेचल्या. बोटभर मासळी, उड्या मारणारी, माझ्या हाती न लागणारी.

संध्याकाळी जावयाने निवट्यांचं कालवण तीनदा मागून घेतलं. अशा ताज्या कुठे मिळतात, असं त्याने विचारलं. काकांनी ताटावरून मान वर न करता माझ्याकडे बोट केलं.

"यांनी सगला तला उपसून दिला. सकाल्ची दुपार न्हाय झाली."

जावई माझ्याकडे फार आदराने बघू लागला. जाताना त्याने माझा नंबर घेतला. मंगळवारी फोन आला. त्याच्या सोसायटीची टाकी उपसायची होती.