पांढऱ्या पडद्यामागचा पडदा

तंजावूरच्या जुन्या थिएटरमधली ती चोरी माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मी तेव्हा तिथल्या ठाण्यात निरीक्षक होतो. आमचं घराणं तंजावूरचंच. घरात मराठी, ठाण्यात तमिळ. देवनागरी मी निवृत्तीनंतर शिकलो, म्हणून हे आता लिहितो आहे.

थिएटर राजवाड्यामागच्या गल्लीत होतं. लहानपणी मी तिथे सिनेमे पाहिले होते. पुढे ते बंद पडलं आणि मालकाच्या मुलाने ते पाडायला काढलं. मजुरांनी सिनेमाचा पांढरा पडदा उतरवला, तर मागे आख्खा लाकडी रंगमंच निघाला आणि वर बांबूला गुंडाळलेला, नाटकाचा रंगवलेला पडदा. चेन्नईच्या एका व्यापाऱ्याने तो लगेच मागितला. व्यापारी न्यायला येण्याच्या आदल्या दिवशी पडदा नाहीसा झाला.

"आमच्या वॉचमननेच नेला," मुलगा म्हणाला.

तक्रार नोंदवून मी पंचनाम्याला गेलो. खरं तर चोरीपेक्षा मला त्या जागेचंच कुतूहल होतं. ज्या पडद्याकडे बघत मी लहानपणी शिट्ट्या मारल्या, त्याच्यामागे नटांची रंगभूषेची खोली होती. आरशांच्या खिळ्यांखाली कुणीतरी कोळशाने मिशा काढून पाहिल्या होत्या. पण कामाचं एवढंच दिसलं: कुलूप शाबूत होतं आणि पडद्याच्या दोऱ्या कापलेल्या नव्हत्या, शांतपणे सोडलेल्या होत्या.

समोरच्या चहावाल्याकडून खबर मिळाली. लांबलचक गुंडाळी, मागे लाल फडकं बांधून, टेम्पोतून भर दुपारी गेली होती. चोर असा माल नेत नाही. टेम्पोवाला सापडला. माल वॉचमनने चढवून दिला, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने आम्हाला जवळच्याच तिरुवैयारुला एका संगीतशिक्षिकेच्या दारात आणून उभं केलं. बाई सत्तरीच्या, आमच्यासारख्याच मराठी. गुंडाळी ओसरीभर पसरली होती आणि बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या होत्या.

"अक्का, हा कुणी पाठवला?"

"ठाऊक नाही. पण पडदा आमचा आहे. आईची नाटक कंपनी त्याच थिएटरात खेळ करायची. आम्ही दौऱ्यावर होतो, तेवढ्यात त्यांनी तिथे सिनेमा सुरू केला. परत येऊन आईने पडदा मागितला, तर म्हणाले, वाळवीने खाल्ला. दुसरा रंगवून घेण्याची ऐपत नव्हती. कंपनी मोडली. आई पुन्हा रंगमंचावर उभी राहिली नाही."

मी ठाण्यात परतलो. वॉचमन सकाळपासून बाकावर बसून होता. दरडावून झालं, समजावून झालं. तो बोलत नव्हता. स्वतःला वाचवणारा माणूस सहसा खूप बोलतो, म्हणून मला ती चुप्पी खटकत होती. शेवटी त्यानेच विचारलं, "मोठ्या अय्यांना हे कळलंय का?"

मोठे अय्या म्हणजे मुलाचे वडील. वय ऐंशीच्या पुढे. इमारत अजून त्यांच्याच नावावर होती. मी त्यांच्या घरी गेलो. मुलगाही तिथेच होता.

"त्याला सोडा. किल्ली मी दिली, टेम्पो मी सांगितला," म्हातारा म्हणाला. "वाळवीची थाप माझीच. पडदा काढायचा तर सिनेमाची नवी चौकट मोडावी लागली असती, खेळ बंद पडले असते. दारात उभं राहून मीच त्या कंपनीवाल्या बाईंना परत पाठवलं."

"अप्पा, मला का नाही सांगितलं?" मुलाने विचारलं.

"तू विकत होतास. आणि मला तोंड उघडायची लाज वाटत होती."

मुलाने तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं आणि ठाण्यात येऊन वॉचमनची माफी मागितली. गुन्हा घडलाच नव्हता. तसा अहवाल देऊन मी प्रकरण बंद केलं.

पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्याला तिरुवैयारुला जायचं होतं. एकट्याला धीर होईना, म्हणून मी सोबत गेलो. त्याने हात जोडले. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "माफी आईकडे मागायची होती. ती आता नाही. तिच्या वतीने माफ करायचा अधिकार माझ्याकडे नाही." एवढं बोलून त्यांनी आत जाऊन आम्हा दोघांसाठी कॉफी आणली. म्हाताऱ्याने ती खाली मान घालून प्यायली.

चोरीच्या तक्रारीत आम्ही पोलीस आधी विचारतो, वस्तू कुणी नेली? त्या प्रकरणानंतर नोकरी संपेपर्यंत मी तक्रारदाराला आधी दुसरंच विचारत आलो: ती तुमच्याकडे आली कशी?