यादीत नसलेलं दुखणं

“डाक्तर, माझं ह्यात काईच न्हाई,” असं म्हणून सखूमावशींनी दहाच्या दहा चिंचोके माझ्या टेबलावर परत ठेवले.

साठचं दशक संपत आलं होतं. लोणावळ्यातल्या एका लहान हॉस्पिटलात मी नाक-कान-घशाचा डॉक्टर होतो. उपचारातून पेशंटला नेमकं काय हवंय, हे मोजायचं माझ्या डोक्यात आलं. नुसतं विचारलं की सगळे म्हणायचे, “तुमी म्हनाल तसं.” म्हणून मी चार चित्रं काढली. ऐकू येणं, ठणका थांबणं, चक्कर जाणं आणि ऑपरेशन टळणं. पेशंटच्या हातात दहा चिंचोके द्यायचे; जे जास्त हवं, त्या चित्रावर जास्त चिंचोके त्याने ठेवायचे. झकास चाललं होतं.

परंदवडीच्या सखूमावशींचा डावा कान कित्येक वर्षं वाहत होता.

“मग तुम्हाला काय हवंय, मावशी?”

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. सून बाहेर बसली होती.

“वास जाया पायजे. नात मांडीवर बसत न्हाई. आजीला वास येतो म्हनती. लग्नात मी आपली मागं, एकलीच बसती.”

“आणि ऐकू येणं?”

“दुसऱ्या कानानं येतंय की. लय झालं तेवडं.”

मी ओशाळलो. कान कोरडा करणं ही आमच्या लेखी नुसती पहिली पायरी. ती वेगळी विचारायचं सुचलंच नव्हतं.

आणि इथे तर सगळा निर्णयच फिरत होता. आमच्या सरांनी, म्हणजे हॉस्पिटलातल्या मोठ्या सर्जननी, त्यांच्यासाठी कानाचा नवा पडदा बसवायचं ठरवलं होतं. त्यात ऐकू येण्याची आशा, पण कान पुन्हा वाहण्याची भीती. दुसरा रस्ता म्हणजे कानामागचं सडलेलं हाड कोरून काढायचं. कान बहुतेक कोरडा होतो, पण त्या बाजूचं ऐकणं जवळजवळ जातं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, “ऐकणं जाईल, हे तिला कळलंय का?”

“दोनदा सांगितलं, सर.”

“तिसऱ्यांदा माझ्यासमोर सांग.”

सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. “चांगला कान ऱ्हाईल न्हवं?”

“राहील,” सर म्हणाले.

“मग करा.”

हाड कोरायचं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी मावशी तपासायला आल्या. कान खडखडीत कोरडा. नात मांडीवर बसून माझा ऐकणं तपासायचा ट्यूनिंग फोर्क टेबलावर आपटत होती.

“ऐकायला अडतं का?” मी उजव्या बाजूने विचारलं.

“डावीकडनं कुनी हाक मारली तर मान वळवावी लागती. वळवती.”

मग आधीच्या काही पेशंटना मी पुन्हा गाठलं. त्यांनी मुकाट्याने चिंचोके मांडले होते. त्यातल्या दोघांनी वासाचंच सांगितलं.

“मग तेव्हा का नाही बोललात?” मी एकाला विचारलं.

“चित्रात न्हवतं,” तो म्हणाला.

वासाचं चित्र काढायला मला काही जमलं नाही. तेव्हापासून मी आधी विचारतो, “कानापायी घरात काय अडतंय?” यादी त्यानंतर करतो.