पाणी म्हण

"पाणी म्हण."

"पानी," मी म्हणाले.

"परत."

"पानी."

मला पेशंटच्या खुर्चीवर बसवलं होतं. वाचा-उपचाराची पदवी पदरात होती, पुढच्या शिक्षणाला नुकताच प्रवेश घेतला होता. समोर सहा वर्गमैत्रिणी, लकव्यानं वाचा गेलेला एक माणूस आणि त्याची बायको. आमच्या मॅडमनी जीभ दाबायची लाकडी पट्टी माझ्या तोंडात घातली. जिभेचं टोक टाळूकडे ढकललं.

"बघा, हिच्या जिभेला सवयच नाही. तुमच्याकडे असंच बोलतात ना गं? दुसऱ्यांना काय शिकवणार तू?"

तुमच्याकडे म्हणजे कुठे, ते त्या बोलल्या नाहीत. पहिल्याच दिवशी आडनाव विचारून झालं होतं. मुली हसल्या. तो लकव्याचा माणूस हसला नाही, एवढं आठवतं. तोंडात पट्टी असल्यावर उत्तर तरी काय देणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग मी ण घोटला. होस्टेलच्या आरशासमोर, बसमध्ये, न्हाणीत. बाण, कोण, आणि, पाणी. जीभ दुखायची. लाज वाटायची ती वेगळीच. दिवाळीला बदनापूरला घरी गेले आणि आईला पाणी मागितलं. आई शाळेत खिचडी शिजवते. तिनं हातातलं काम थांबवलं.

"कोन पाव्हनं आलंय का घरात? अशी काय बोलून राह्यली?"

मला वाटलं, जिंकले. आता त्याची चीड येते.

दुसऱ्या वर्षी घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात कॉलेजचं तपासणी शिबिर होतं. माझ्यापुढे सात वर्षांची आरती आली, आईचा पदर धरून. आई म्हणाली, "मास्तर म्हनले, पोरगी अशुद्ध बोलती, दाखवून आना. आता वर्गात तोंडच उघडत न्हाई ती."

चित्रं दाखवून उच्चार तपासायचे असतात, चुकला की तक्त्यात फुली. मी माठ दाखवला. यात काय असतं?

"पानी."

फुली.

धनुष्यातला तो?

"बान."

फुली. माझाच हात. मधेच ती त्यांची शेळी कशी व्याली, करडू कसं अडलं, मंग बापानं कसं ओढलं, ते एका दमात सांगत होती. कुठे अडखळ नाही, कुठे शब्द सापडेना असं नाही. आणि मी तिच्या तोंडाकडे बघून फुल्या मारत होते. तक्त्याच्या हिशेबानं निदान झालं होतं: उच्चारदोष.

तिच्या आईनं फुल्या पाहिल्या.

"ताई, आमी समदेच असं बोलतो. मंग आमी समदेच बिमार हाव का?"

माझा हात थांबला. आरतीचं घर जमीनवाल्यांचं. आमच्या गावात अशाच घरांच्या वाडवडलांनी माझ्या आजोबांना विहिरीच्या पायरीवर पाय ठेवू दिला नव्हता. ते पाणी होतं की पानी, हे तेव्हा कुणी विचारलं नसेल. दोन्ही घरांत शब्द मात्र एकच. आणि तो शब्द खोटा ठरवायला मला शिकवलं होतं, माझ्याच जिभेला पट्टी लावून.

मी फुल्या खोडल्या. खाली लिहिलं: घरची बोली. दोष नाही.

मॅडमनी कागद पाहिला. "ही खोडाखोड कसली? परत भर. नाहीतर आजच्या तासांवर सही मिळणार नाही."

सह्या झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मला ते बराबर माहीत होतं.

"पोरीला काही झालेलं नाही, मॅडम," मी म्हणाले. "आमच्याकडे असंच बोलतात."

आरतीच्या आईनं मान वर केली. मॅडमनी सही न करताच पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

मास्तरांसाठी मी चिठ्ठी लिहून दिली: मुलगी चांगली बोलते, तिला वर्गात बोलू द्या. खाली फक्त माझी सही. शिकाऊ पोरीच्या सहीला मास्तर किती मान देतील, ठाऊक नाही.

शिबिराचे तास धरले गेले नाहीत. परीक्षा हुकली. बरोबरच्या मुली नोकरीला लागल्या आणि मी तेच क्लिनिक, समोर तीच खुर्ची, परत सगळं पहिल्यापासून करते आहे. फार दमले आहे. कुणाला दाखवायला शौर्य उरलेलं नाही.

ण मला आता चांगला येतो. ज्याची वाचा खरंच गेली आहे, त्याच्यासाठी मी दिवसभर राबेन. पण त्या खुर्चीवर मी परत बसणार नाही. आणि जिला काहीच झालं नाही, तिला तिथं बसवणार न्हाई.