बग्गीखान्यातली झूल

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ढोकीत उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो होतो. थोरल्या भावानं रडत बातमी सांगितली, मग नाक ओढून विचारलं, "बग्गीखान्याची किल्ली कुठंय रं?" खोटं कशाला बोलू... माझ्याही मनात तेच आलं होतं.

अप्पा आमचे धाकटे चुलते. बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर, एकटा जीव. परंड्याजवळच्या गावातली पणजोबांची जहागीर गेली, घोडे गेले. उरली दगडी पागा आणि तिला लागून बग्गीखाना. अप्पा पाहुण्यांना हौसेनं सगळं दाखवत. घोड्याच्या तोंडाशी येणाऱ्या गव्हाणी, वारा थेट अंगावर येऊ नये म्हणून उंचावर ठेवलेले झरोके, मूत वाहून जावं म्हणून उतरती फरशी. त्या फरशीवर मी एकदा दुपारी आडवा झालो आणि मोरीत जागा झालो. घोडे शहाणे, उभ्यानंच झोपत. बग्गीखान्यात मात्र अप्पांचा आवाज बदलायचा. चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून कोपऱ्यांत रोवलेले गोल दगड दाखवत, पण कमानीवर आतून टांगलेल्या घोड्याच्या जुन्या झुलीला कुणाला हात लावू देत नसत. रोज सकाळी आतून कडी लावून एकटेच तिथं असत. वहिनी ठामपणे म्हणायची, "झुलीमागं कोनाडा हाय. सोनं हाय." मी शिकलेला, म्हणून फक्त चांदीचा संशय घेतला.

भावाला त्या जागी मंगल कार्यालय बांधायचं होतं; बांधकाम भक्कम आहे म्हणून अप्पा पाडू देत नसत. "अप्पा, एक भेग दाखवा, उद्या जेसीबी आणतो," तो हसून म्हणायचा. अप्पा हसत नसत.

माझ्या स्वयंपाकघरातल्या भिंतीला तडा गेला, तेव्हा अप्पांनी त्यावर चुन्यानं काचेची पट्टी चिकटवली होती. "भिंत हलली तर काच फुटंल. न्हाय फुटली तर निवांत जेव." मी कित्येक दिवस काचेकडं बघतच जेवलो.

किल्ली त्यांच्या कोटात मला सापडली, ती मी माझ्याकडंच ठेवली. तेराव्यानंतर भाऊ पाहुण्यांना एसटीवर सोडायला गेला, तेवढ्यात मी आत शिरलो. झूल उचलली. कमानीच्या मधल्या दगडापासून खाली उतरलेली भेग... आणि तिच्यावर चुन्यात बसवलेली काचेची पट्टी. अखंड.

झूल सोडली. भाऊ आला तेव्हा म्हणालो, "कोळिष्टकं हायत नुसती." आम्ही अप्पांकडं जसं बघायचो, तसंच त्यानं माझ्याकडं बघितलं.

आता दर रविवारी मी गावी जातो. परवा वहिनी दाराबाहेरून म्हणाली, "भावजी, अप्पांचं सोनं वाटून खावं बरं का!"

मी आतून कडी लावली, झूल वर केली आणि धोतराच्या फडक्यानं काच पुसली. फडकं अप्पांचंच आहे, तिथंच खुंटीला असतं.