न दिलेली ओ

इंदूमावशी गेल्याचा निरोप घेऊन बाबल दादरला आला, तेव्हा दार मीच उघडलं. लालबागला मावशीच्याच मजल्यावर, टोकाच्या खोलीत राहणारा हा गिरणीतला माणूस. एरवी बोलायला लागला की थांबत नसे. त्या दिवशी त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "ताई, तुमची मावशी आज सकाळी उठलीच नाय." मला रडू आलं नाही. आधी भीती वाटली... आता तिन्हीसांजेला मावशीच्या मजल्यावरची काशीबाय हाक मारील तेव्हा ओ कोण देणार, हाच विचार पहिल्यांदा मनात आला. तो का आला हे सांगायचं, तर थोडं मागे जावं लागेल.

मावशी भित्री होती. हे मी प्रेमानेच लिहिते आहे, कारण तिचा तो गुण मीही पुरेपूर उचलला आहे. वीज, झुरळ, तारवाला शिपाई, दुमजली बसचा वरचा मजला, या सगळ्यांना ती सारखीच घाबरे. लवकर विधवा झाली, चोळ्या-पोलकी शिवून पोट भरलं आणि मी शिकत होते तेव्हा मलाही सांभाळलं. मशीनवर बसलेली असताना मागून कुणी हाक मारली, तर दचकून सुई बोटात घुसवून घ्यायची. "तू स्वतःच्या सावलीलासुद्धा भितेस," असं मी चिडवायची. ती म्हणे, "मग, सावली काय सांगून येते?" आम्ही दोघी हसायचो. तेव्हा भीती ही हसण्यासारखी गोष्ट होती.

संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्ते पेटले ते दिवस आठवले की अजून माझे तळवे ओले होतात. नाक्यावर घोषणा, मग दगड, मग अश्रुधूर आणि मग तो कोरडा आवाज, जो फटाक्याचा नाही हे आम्हाला फार लवकर कळायला लागलं. चाळीत तेव्हा एक रीत पडली होती. गडबड सुरू झाली की काशीबाय गॅलरीत उभी राहून मजल्यावरच्या प्रत्येकीला नावाने हाक मारी. आपण आतून ओ द्यायची, मग कडी लावायची. काशीबाय मूळची मालवणकडची, मजल्यावरची सगळ्यांत थोरली. सगळ्यांच्या ओ ऐकल्याशिवाय ती स्वतःचं दार लावत नसे. मी तेव्हा मावशीकडेच राहायची, पण त्या दुपारी दादरला अडकले आणि पुढे काही आठवडे तिथेच ओळखीच्यांकडे राहिले. पुढचं सगळं मला मावशीनेच सांगितलं.

गोळीबार अगदी जवळ आला होता. मावशी खाटेखाली शिरली, पदराचा बोळा तोंडात धरला. कुठे आहेस म्हणून बाहेरून काशीबायची हाक आली, "इंदू गो, खंय असस?" मावशीला वाटलं, आवाज केला तर जिन्यावरचे पोलीस आत येतील. जिन्यावर कुणीही नव्हतं. काशीबायने पुन्हा हाक मारली. तेवढ्यात टोकाच्या खोलीतून बाबल ओरडला, "इंदूताय खाली नळार गेलीहा, मी बघलंय." त्याने बघितली होती ती लांबून, मावशीसारख्याच निळ्या लुगड्यातली कुणाची तरी पाठ. काशीबाय तशीच खाली धावली आणि चाळीच्या दारात तिच्या मांडीत गोळी शिरली. जीव वाचला, पण पाय कायमचा ओढत राहिला.

सगळ्या चाळीने बाबलला धारेवर धरलं. न बघता बोललास कसा, म्हणून बायका त्याच्याकडे पाठ फिरवू लागल्या. त्याने देवाला नारळ ठेवून माफीचं गाऱ्हाणं घातलं, काशीबायचे पाय धरले, तिने चार शिव्या घालून त्याला चहा पाजला आणि तो विषय मिटला. मावशीला कुणी काही विचारलंच नाही. ती घरात होती का, होती तर बोलली का नाही, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मी लालबागला परतले तोवर काशीबाय इस्पितळातून घरी आली होती, आणि मावशीचं मशीन बंद होतं. मशीनच्या आवाजात गॅलरीतला तो ओढणारा पाय ऐकू येत नाही, आणि ऐकू आला नाही तर जास्त भीती वाटते, असं ती म्हणाली. मग सगळं सांगितलं.

"तू काय गोळी झाडलीस?" मी म्हटलं. "खोटं बोललीस? काहीच तर केलं नाहीस."

"तेच तर," ती म्हणाली. "बाबलने केलं ते सगळ्यांना दिसलं, म्हणून त्याला माफी मागता आली. माझं काही दिसतच नाही गं. मी काय दाखवून माफी मागू?" मी तिला गप्प राहा म्हणाले. माझ्या मते तो शहाणपणाचा सल्ला होता.

तिने तो ऐकला नाही. एका सकाळी उठली आणि काशीबायच्या दारात जाऊन उभी राहिली, मी मागे. काशीबाय तांदूळ निवडत होती. मावशीने कसंबसं सांगितलं. सूप थांबलं. आता ही ओरडेल, सगळी चाळ गोळा होईल, म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण काशीबाय हळूच बोलली, "पाय तू मोडूक नाय, गो. पण ओ पण देऊक नाय." मग तिने पुन्हा सूप हलवलं. "आता रोज सांजेक मी हाक मारीन. तू ओ दी. माका ऐकूक व्हयी."

ती शिक्षा होती की माया, मला अजून ठरवता आलेलं नाही. रोज दिवेलागणीला हाक यायची, मावशी दचकायची, हातातलं भांडं पाडायची आणि ओ द्यायची. अंगात ताप असला तरी द्यायची. मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी गॅलरीभर पणत्या होत्या, ढोल वाजत होते, आणि आपली ओ ऐकू जाणार नाही या धास्तीने मावशी पळत जाऊन काशीबायच्या कानाशी ओरडून आली. सगळे हसले. काशीबाय हसली नाही.

परवा मावशीची खोली आवरायला गेले होते. मशीनवर एक पोलकं अर्धं शिवलेलं, सुई तशीच कापडात टोचलेली. दार लोटलेलं होतं. ऊन उतरलं आणि बाहेरून हाक आली, "इंदू गो..." सवयीने तोंडातून निघून गेली असेल. पुन्हा हाक आली. मी तोंड उघडलं, पण ओ काही देववेना. खाटेखाली मावशीचं काय झालं असेल, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मग तो पाय ओढत निघाला, मावशीच्या दारावरून पुढे, त्या दुपारसारखाच जिन्याकडे. एक पायरी उतरला. आणखी एक.

"ओ," मी म्हटलं. फार मोठ्याने म्हटलं असावं, कारण खालच्या मजल्यावरची कुणी तरी दचकून ओरडली.

पाय थांबला. थोड्या वेळाने तो हळूहळू वर येऊ लागला.