मैदानातला नमस्कार

आमच्या परंड्याच्या क्रीडा मंडळाची स्मरणिका निघायची आहे, म्हणून मंडळाची पोरं घरी आली होती. पोरं म्हणायची, पण आता तीही टक्कल पडलेली, नातवंडांना शाळेत सोडणारी. म्हणाली, "ताई, मुलींच्या विभागाचं तुम्हीच लिहा, दुसरं सांगणारं कोण उरलंय?" मी एक पान लिहून दिलं. निजामाचं राज्य जाऊन विलीनीकरण झालं, गावात नवा हुरूप आला, तरुण मंडळींनी किल्ल्याच्या खंदकाकडेच्या बाभळी तोडून मैदान केलं, संध्याकाळचा अभ्यासवर्ग काढला वगैरे. सगळं खरं आहे. पण जे लिहायला हवं होतं ते नेमकं गाळलं, म्हणून हे वेगळं लिहायला बसले.

मंडळ मुळात मुलांचंच. दोन तरुण मास्तर आणि एक शिंपी असे तिघं त्याच्या मागे होते. शिंप्याच्या ओसरीवर वर्ग भरायचा. नियम एकच होता, आणि तो कडक होता. आधी तासभर पुस्तक, मग मैदान. वर्गाला दांडी मारणाऱ्याला हुतुतूच्या रेषेजवळसुद्धा उभं करत नसत. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेली मोठी मोठी मुलं त्या ओसरीवर मराठीची बाराखडी घोकायची आणि मग मैदानात जाऊन एकमेकांना आपटायची. गावाला त्याची गंमत वाटे.

मग मुलींच्या शाळेवर बार्शीकडच्या एक बाई आल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून स्वतः पळून दाखवणारी बाई आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. मंडळात जाऊन त्यांनी सरळ विचारलं, "मुलींचं काय?" मंडळी डोकं खाजवायला लागली. शेवटी म्हणाली, बाजाराच्या दिवशी मुलं बाजारात असतात, मैदान रिकामं असतं, तेव्हा खेळा. बोट धरायला मिळालं की मनगट धरणाऱ्यांतल्या आमच्या बाई. वर्षभरात आठवड्याच्या तीन संध्याकाळी आमच्या झाल्या. आधी शिंप्याच्या ओसरीवर गणित, मग परकर खोचून खो-खो.

पण आमची एक खोड काही केल्या जाईना. कुणाला पाय लागला की आम्ही थांबायचो, वाकायचो, तिच्या अंगाला हात लावून तो कपाळाला लावायचो. तेवढ्यात पुढची मुलगी खांबाला वळसा घालून पसार. बाई शिट्टी फुंकून फुंकून दमायच्या. "अगं भवान्यांनो, हे मैदान आहे, देऊळ नाही! खेळ संपला की सगळ्या मिळून एकदाच काय तो नमस्कार घाला." महिनाभर ओरडा खाल्ला तेव्हा आमचे हात जागेवर राहायला शिकले.

माझ्या शेजारच्या चौकोनात एका बांगडीवाल्याची मुलगी बसायची. तीच माझी जिवाभावाची मैत्रीण. 'खो' शब्द पुरा व्हायच्या आत ती उठलेली असे. तिचं लग्न ठरलं होतं, ईद झाली की निकाह. तालुक्यांच्या सामन्यात जिंकलो तर संघ एसटीनं उस्मानाबादला जाणार होता, आणि तिनं तिच्या अब्बांकडून तेवढ्याची परवानगी काढून ठेवली होती. ते बांगड्या आणायला कुर्डुवाडीला जात, पण ती स्वतः कधी एसटीत बसली नव्हती. मला रोज बजावायची, "मला खिडकीपाशी बसू दी हां. तू लई येळा जाशील, माझं एकदाच हाय."

माझं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. मुलींची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला मुलांच्या हायस्कुलात बसावं लागे आणि माझ्या वडिलांना ते अजिबात मंजूर नव्हतं. आमची शेती गावाला लागूनच होती, वडील तापट पण बोललेला शब्द पाळणारे. बाई तीनदा घरी येऊन गेल्या. तिसऱ्यांदा वडील म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या, तुमच्याम्होरं मी काय बोलू? मी सामन्याला येतो. पोर तुमच्यापाशी काय शिकली ते माझ्या डोळ्यानं बघतो. मग काय ते सांगतो." म्हणजे माझी आठवी त्या एका दुपारवर आली. रात्री आई म्हणाली, "नीट खेळ." मग दिवा बारीक करत म्हणाली, "लई बी नीट खेळू नगं."

सामना भूमच्या मुलींशी होता. शेवटची पाळी आमची, पाठलागाची. एक गडी बाद केला की आम्ही जिंकणार होतो, आणि अगदी थोडा वेळ उरला होता. मी धावत होते. पुढची मुलगी हातभर अंतरावर, दमलेली. पुढं काय झालं ते गाव जसं सांगतं तसं आधी सांगते. धावता धावता माझा पाय चौकोनात बसलेल्या माझ्या मैत्रिणीला लागला. सवयीनं मी थांबले, वाकले, तिच्या गुडघ्याला हात लावून तो कपाळाला लावला. तेवढ्यात पुढची निसटली आणि शिट्टी झाली. आम्ही हरलो.

घरी आल्यावर वडील आईला म्हणाले, "हरली, पर रीत इसरली न्हाय. बांगडीवाल्याची का असंना, पाय लागला की हात जोडला तिनं. अशा पोरीला कुठंबी बसवा, भ्या न्हाय." पुढच्याच आठवड्यात ते मला स्वतः हायस्कुलात घेऊन गेले. "आठवीत नाव घातलं ना? झालं तर मग," बाई एवढंच म्हणाल्या आणि खडूची पेटी आवरत बसल्या. त्यांच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.

आता खरं सांगते. धावताना मला खांबाजवळ वडील दिसले होते. पांढरा फेटा, हाताची घडी, आणि नजर माझ्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या परकरावर. त्यांचा चेहरा मला पाठ होता. 'नाही' ठरून गेलं होतं. ती मुलगी मी बाद केली असती तर आम्ही उस्मानाबादला गेलो असतो आणि मी घरी बसले असते. हे सगळं मला त्या दोन पावलांत कळलं, आणि मी वाकले. तेरा वर्षांच्या पोरीला एवढं कळतं का, असं कुणी विचारेल. कळतं. मला त्याची लाज वाटते. आणि तशीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा वाकेन, हेही लपवत नाही.

निकाहाच्या आदल्या आठवड्यात मैत्रीण आमच्या घरी आली होती. अब्बांनी माझ्यासाठी हिरव्या बांगड्या दिल्या होत्या, त्या ती स्वतः भरत होती. बांगडी मुठीवरून सरकवायची तर हात सैल सोडावा लागतो. माझा काही सैल सुटेना.

"एक इचारू?" ती म्हणाली. "तुझा पाय मला लागलाच न्हवता."

"लागला होता," मी म्हणाले.

मूठ हळूहळू दाबून तिनं बांगडी मनगटावर आणली.

"बरं. लागला आसंल," ती म्हणाली. "आता साळा तेवढी सोडू नगंस."